चटईचे अकरा तुकडे

१

हुमनाबादपासून समुद्र किती लांब आहे, हे धम्मानंद मास्तर सातवीच्या वर्गाला नकाशावर पट्टी ठेवून शिकवायचे. पश्चिमेला मोजा की पूर्वेला, बसने अख्खी रात्र जाते, असं ते शाळेत कन्नडातून सांगायचे आणि घरी येऊन मराठीतून स्वतःवरच हसायचे. कारण त्यांच्याच घरात, मागच्या छोट्या खोलीत, तीन फुटांच्या काचपेटीत समुद्र होता.

तो आणला मैत्रेयीने. एकुलती एक लेक, गुलबर्ग्याला प्राणिशास्त्र शिकायला रोज बसने जायची. फिल्टरचं पाणी, त्यात हैदराबादहून आणलेलं समुद्री मीठ मोजून घालायचं, चोवीस तास पंप चालवून पाणी हलतं ठेवायचं आणि वर निळसर दिवे लावायचे, असा सगळा खटाटोप. शेजारपाजारचे लोक मासे बघायला येत आणि मासे दोनच आहेत म्हणून नाराज होऊन जात. मैत्रेयीचा जीव माशांवर नव्हताच. तिला हवी होती ती मऊ पोवळी. दगडासारखी टणक नव्हेत तर मांसाची, पाण्यात डुलणारी.

त्यातलं एक तिचं फार लाडकं. जांभळी, चामड्यासारखी कातडी दगडावर पसरत जायची आणि तिच्यातून गवतासारखे हिरवे केसर वर यायचे. त्या प्रत्येक केसराला टोकाशी आठ बारीक पाकळ्या. बोट लावलं की तेवढेच केसर आत ओढले जायचे आणि हिरव्यात जांभळी रेघ उमटायची. मैत्रेयी त्याला चटई म्हणायची. पाच वाजता बसमधून उतरून आली की चप्पल काढायच्या आधी पाण्यात बोट घालून त्या चटईवरून एक रेघ ओढायची, आणि दुसऱ्या कुणी हात घातला की मात्र चिडायची.

चटई वाढवायची तर ब्लेडने कातडी कापून तुकडा दुसऱ्या दगडावर बसवायचा. पहिला तुकडा जवळच्या चिटगुप्प्याच्या माणिकप्पांकडे द्यायला ती निघाली, तेव्हा तिच्या आईने, दीपमालाने, विचारलं होतं, हे तिचं पिल्लू का? मैत्रेयी म्हणाली, "न्हाई आई. पिलू न्हाई, रोप न्हाई. ही तीच चटई हाय. फकस्त दोन ठिकाणी राहायलीय."

त्यानंतर पाच महिन्यांनी तिला ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. तेवीस वर्षांची होती.

बौद्ध रीतीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मास्तर स्वतः उभे राहून बोलले होते. आत्मा नाही, भटकणं नाही, जे जमलं होतं ते विखुरलं, असं त्यांनी कोरड्या डोळ्यांनी सांगितलं. ते बोलण्यापुरतं नव्हतं. वस्तीत कुणाच्या अंगात आलं तर लोक आधी मास्तरांना बोलवत, आणि मास्तर त्या माणसाला गोड चहा पाजून शुद्धीवर आणत. पण घरी दीपमालाला ते शुद्धीवर आणू शकले नाहीत. ती जेवायला बसे आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठे. लेकीचं नाव तिने वर्षभर तोंडातून काढलं नव्हतं आणि मागच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. दिवसेंदिवस ती आटत चालली होती. एक गेली, दुसरीही डोळ्यांदेखत जायलीय, हे मास्तरांना कळत होतं, आणि हातात उपाय नव्हता. म्हणून ते निदान पेटी तरी जपत होते.

२

मे महिन्यात ती पेटीही गेली. उन्हाने रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं, त्यात सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत वीज नव्हती आणि पंपाच्या बॅटरीने दुपारीच मान टाकली. मास्तर हाताने पाणी ढवळत बसले. दुसऱ्या दिवशी पेटीतलं पाणी दुधासारखं झालं होतं आणि सगळ्या घरात कुजका वास. चटई बोटाला लागून सुटत होती. मास्तर न्हाणीघरात जाऊन रडले.

मग त्यांना चिटगुप्प्याची आठवण झाली. माणिकप्पांचं लोखंडी सामानाचं दुकान, माणूस हौशी. त्यांच्या घरची पेटी मैत्रेयीनेच बसवून दिली होती. विरजण दिलेल्या घरातून आपलं नासलं तर परत मागून आणतात, त्यात लाज कसली? मास्तरांनी आपली पेटी धुऊन पुसून नव्या पाण्याने भरली, ती स्थिरावू दिली आणि जूनच्या शेवटी झाकणाची बादली घेऊन बसने निघाले.

माणिकप्पा दुकानात होते. घरी त्यांची बायको गुरुबाई. एरवी ही बाई दारातूनच मोठ्याने बोलावणारी, ताटभर फराळ पुढे ठेवणारी. आज तिने पाणी दिलं आणि गप्प उभी राहिली. बैठकीतली पेटी जाड चादरीने झाकलेली होती. वरचा दिवा चालू होता, चादरीच्या कडेने उजेड दिसत होता.

मास्तर म्हणाले, तळहाताएवढा तुकडा पुरे. गुरुबाईने चादर काढली नाही. नुसती एक बाजू वर केली आणि तोंड दुसरीकडे वळवून आतले दगड एकेक करून काढून दिले. जिथे चटई काचेवर चढली होती तिथे तिने आधीच सुरीने खरवडून ठेवलं होतं. ती खरवडही तिने बादलीत टाकली.

"सगळं न्या अण्णा. आमाला त्यातलं काय बी नको."

मग आतून तिने स्टीलचा डबा आणला. त्यातूनच मैत्रेयीने पहिला तुकडा नेला होता. डबा घासलेला, कोरडा, लख्ख. मास्तरांनी तो हातात घेतला तेव्हा तो हलका लागला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, चार दाणे तांदूळ तरी घालतात, आणि गुरुबाई तर लाडू घालणारी. विसरली असेल, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं.

ते चप्पल घालत होते तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू का? तुमची लेक अंधाराला भीत व्हती का?"

"न्हाई," मास्तर म्हणाले. "कामून?"

"उगं विचारलं," म्हणून तिने दार लावून घेतलं.

मास्तर खोटं बोलले होते. का बोललो, याचा विचार ते बस हुमनाबादच्या स्टँडला लागेपर्यंत करत होते.

३

घरी आल्यावर दीपमालाने सवयीने डबा उघडला आणि आत बघितलं. "रिकामाच?" एवढंच ती म्हणाली आणि तो पालथा घालून ठेवला.

मास्तरांनी बादलीतलं पाणी आणि पेटीतलं पाणी थोडं थोडं करून मिसळलं, तास दीड तास घालवला, मग दगड आत मांडले. लेकीच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं, त्याबरहुकूम ते करत होते. हलवलेली चटई रुसते, दोन दिवस मिटून बसते, घाबरू नये, असंही तिने लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी केसर वर आले. आठवड्यात पेटीत पुन्हा हिरवळ दिसायला लागली आणि मास्तरांचा ऊर भरून आला.

जुलैच्या सुरुवातीला, शाळेतून येऊन ते पेटीपुढे उभे होते. पाच वाजून गेले होते. सगळ्यात मोठ्या दगडावर, डाव्या कडेला, चारदोन केसर आत गेले. मग त्यांच्या पलीकडचे, मग त्यांच्या पलीकडचे. एक जांभळी रेघ डावीकडून उजवीकडे, बोटाच्या रुंदीची, बोटाच्या वेगाने सरकत गेली आणि कडेला संपली. मागे केसर हळूहळू उघडत आले. पाण्यात हात कुणाचाच नव्हता.

मास्तरांच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण दीपमाला उंबऱ्याशी आली. वर्षभरात पहिल्यांदा. तेवढ्यात दुसरी रेघ उमटली. दीपमाला ती बघत राहिली. मग ती आत आली आणि स्टुलावर बसली.

"बस आली वाटतं तिची," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती दोन भाकऱ्या जेवली. मास्तर ताटाकडे बघत राहिले.

४

विज्ञानाच्या मास्तराने जे करायचं ते त्यांनी सगळं केलं. काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई असतात, त्या चटईवरून गेल्या की अशीच रेघ पडते. त्यांनी पाचही गोगलगाई काढून वेगळ्या भांड्यात ठेवल्या. दगडाच्या भोकातून लांब किडे निघतात. त्यांनी सळीला मांस लावून किडे धरले. पंपाच्या पाण्याचा झोत असेल म्हणून पंप अर्धा तास बंद ठेवला. पाणी आरशासारखं थांबलं आणि रेघ तशीच सरकत गेली. मेनंतर नव्याने आणून सोडलेल्या दोन्ही माशांना रेघ जवळ आली की बाजूला होण्याची सवय लागली होती.

दीपमालाला ह्यातलं काही नको होतं. ती आता पाचच्या आधीच चहा करून खोलीत येऊन बसायची, मैत्रेयीच्या गोष्टी सांगायची, केसांना तेल लावायची. गालावर मांस दिसायला लागलं. तुमच्या सभेत काय सांगायचं ते सांगा, पण मला काही समजावू नका, असं तिने मास्तरांना आधीच बजावलं होतं. मास्तरांनीही समजावलं नाही. बायको जेवायलीय, हसायलीय. ह्यापुढे तत्त्व घेऊन काय चाटायचं होतं?

एवढीशी चटई पुरत नाही, असं म्हणून तिने मागे लागून लागून मास्तरांना कापायला लावलं. मास्तर दगड पाण्यात धरून ब्लेडने कातडीवर चौकोन आखायचे, नख घालून ती सोलायचे. ती सुटताना जरा ताणली जायची आणि सुटली की लगेच आक्रसायची. तो तुकडा दुसऱ्या दगडावर ठेवून वर सैल रबर बांधायचा. आठवड्यात तो धरायचा. काही तुकडे त्यांनी जेलसारख्या गोंदाने मागच्या काचेवर लावले. ऑक्टोबर संपेपर्यंत मागची काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवी झाली. समोर दहा दगड, बशीएवढे, वाटीएवढे. काच एक आणि दगड दहा, एकूण अकरा.

जागा वाढली तसं दिसणंही वाढलं. एका रेघेच्या दोन झाल्या, मग चार, एकमेकींना धरून चालणाऱ्या. एके दिवशी चारांच्या खाली तळवा उमटला. दीपमालाने मास्तरांचं मनगट घट्ट धरलं आणि ती आनंदाने रडली. मास्तरही रडले. त्या दिवसापुरतं त्यांना सगळं खरं वाटलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

५

एका सोमवारी गावातले कुणी मोठे गृहस्थ वारले म्हणून शाळा सुटली. मास्तर साडेदहाला घरी आले. दीपमाला बाजारात गेली होती. पेटीचे दिवे दहाला लागायचे आणि रात्री आठला मालवायचे. अंधार झाला की सगळी चटई मिटायची, मग तिच्यावर काही दिसण्याचा प्रश्नच नसायचा. सकाळचं पाणी घालावं म्हणून ते खोलीत गेले.

मागच्या काचेवर हात चालत होता.

मास्तर स्टुलावर बसले. साडेअकरा झाले, बारा झाले. हात डावीकडून निघायचा, काच चाचपत उजव्या कोपऱ्याला यायचा, तिथे थांबायचा, कोपरा वरखाली तपासायचा, मग चार बोटं खाली सरकून उलटा डावीकडे जायचा. मधे विसावा नाही. समोरच्या दगडांवर त्याच वेळी तेच चाललं होतं. वाटीएवढ्या दगडावर तळवा मावत नव्हता म्हणून नुसती बोटं कडेकडेने गोल फिरत होती.

ती पाच वाजता येत नव्हती. पाच वाजता ते दोघं खोलीत येत होते. ती इथेच होती, सकाळपासून, दिवे लागायच्या आधीपासूनही असेल, आणि हे चाचपणं दिवसभर चालू होतं.

हे चालणं मास्तरांनी पूर्वी बघितलं होतं. मैत्रेयी सात वर्षांची असताना, शनिवारी अर्ध्या शाळेनंतर, ती त्यांच्यासोबत प्रयोगशाळेत होती. मागच्या सामानाच्या कोठीला खिडकी नव्हती. मास्तर कोठीला कुलूप लावून मुख्याध्यापकांकडे बैठकीला गेले. पोरगी आत लपून बसलीय हे त्यांना माहीत नव्हतं. अडीच तासांनी शोधाशोध करत त्यांनी कुलूप काढलं. पोरीने भीतीने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ती भिंतीला तळवा लावून चालत होती. दार उघडल्याचंही तिला कळलं नाही. चालत चालत ती दारात आली, तिचा तळवा मास्तरांच्या शर्टावरून, गुंड्यांवरून सरकला आणि पलीकडच्या चौकटीला लागून पुढे गेला. बापाला तिने भिंत समजलं होतं. मास्तरांनी तिला उचलून घेतलं तेव्हाही तिचा हात हवेत चाचपत होता.

आईला सांगू नको, असं त्यांनी तिला सांगितलं आणि तिने कधी सांगितलं नाही. पुढे ती मोठी होईपर्यंत तिच्या खोलीत रात्रभर दिवा असायचा. दीपमालाला वाटायचं, पोरगी अभ्यास करते. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लागलं, तेव्हा मास्तर बाहेर बाकावर होते. आत दिवा आहे का, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

दीपमाला पिशव्या घेऊन आली. आज लवकर कसे, म्हणाली. मास्तरांनी पेटीवर टॉवेल टाकला होता. शेवाळ वाढायलंय, उजेड कमी करायचाय, असं त्यांनी सांगितलं.

६

त्या रविवारी ते चिटगुप्प्याला गेले. सोबत तोच डबा घेतला होता, त्यात दीपमालाने केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. गुरुबाईने फाटक उघडलं नाही. डब्याकडे बघून ती दोन पावलं मागे सरली.

मास्तरांनी फार विचारलं नाही. तुम्ही काय बघितलं, एवढंच विचारलं. ती हळू आवाजात, अर्धं कन्नडात अर्धं मराठीत सांगायला लागली. आधी दोघा नवराबायकोला गंमत वाटली, मग कीव आली, मग तिला घरात एकटीला बसवेना. पेटी फोडावी तर पोरीचं काय होईल, ह्या भीतीने तिने हात लावला नाही.

"डब्यात साखर घालावी म्हनून मी वाटी घेऊन लई वेळ हुबी राहिले, अण्णा. घातली असती तर तुमी डबा पुन्यांदा पाठवला असता. म्हनून रिकामा दिला." मग म्हणाली, "ह्यो बी परत न्या."

मास्तर डबा घेऊन परत आले. स्टँडवर एका कुत्र्याला त्यांनी पोळ्या घातल्या.

फोडायचं धाडस गुरुबाईला नव्हतं; मास्तरांनी ते करून बघितलं. दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकली आणि दीपमाला अंघोळीला गेली असताना त्यांनी सगळ्यात लहान दगड बाहेर काढला आणि गच्चीवर उन्हात ठेवला. विखुरलं म्हणजे सुटलं, असं ते स्वतःला सांगत होते. तासाभरात कातडी सुकून काळपट पापुद्रा झाला. ते खाली आले.

उरलेल्या नऊ दगडांवर आणि काचेवर हात चालायचा थांबला होता. तो एकाच जागी होता. तळव्याएवढी जागा मिटत होती, उघडत होती, मिटत होती. पाण्यातून आवाज येत नव्हता, पण भिंतीवर मूठ आपटणाऱ्या माणसाचा वेग मास्तरांना ओळखू आला. आठ वाजता दिवे मालवेपर्यंत ते तसंच चाललं. सुटलं कुणीच नव्हतं. एक खोली फक्त कमी झाली होती, आणि ती कशी कमी झाली हे आतून सगळीकडे कळलं होतं.

दगडाचं काय झालं, असं दीपमालाने विचारलं. पडला, फुटला, असं मास्तर म्हणाले. आता त्यांना खोटं सहज बोलता येत होतं.

७

त्यानंतर पेटीला हात लावायची मास्तरांची छाती झाली नाही. सांगायचीही झाली नाही. सांगितलं असतं तर दीपमालाने विचारलं असतं, अंधाराचं तुम्हाला कसं माहीत? आणि ते सांगून झाल्यावर ती पुन्हा अर्धी भाकरी टाकून उठायला लागली असती, ह्या वेळेला कायमची.

डिसेंबरात एका संध्याकाळी तिने बाही वर केली. आज मी हात लावणार, म्हणाली. मास्तरांनी अडवायला तोंड उघडलं, पण कारण कुठलं देणार? तिने बांगड्या मागे सारल्या, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि मागच्या काचेवर, चटईच्या मधोमध, तळवा टेकवला. भोवतालचे केसर आत गेले. ती वाट बघत राहिली.

हात डाव्या टोकाकडून येत होता. नेहमीच्याच वेगाने चाचपत चाचपत तो दीपमालाच्या तळव्याच्या कडेला आला आणि तिथे चटई संपली म्हणून दिसेनासा झाला. मास्तर तिच्या मागे उभे होते. त्यांनी मनात लेकीला हाक मारली. ज्या माणसाने भर सभेत काही उरत नाही म्हणून सांगितलं होतं त्याने हाक मारली, थांब म्हणून विनवलं, आई आहे ती, ओळख म्हणून विनवलं. मोजले तर तीन क्षण गेले. तळव्याच्या उजव्या कडेला बोटं उमटली आणि त्याच वेगाने, न थबकता, कोपऱ्याकडे निघून गेली.

"गार लागलं," दीपमाला म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "बघितलाव का तुमी? मला हात लावून गेली."

मास्तरांच्या छातीवर, गुंड्यांच्या जागी, सात वर्षांच्या पोरीचा तळवा सरकला.

तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात काही वेगळं झालं. तिथे बोटं थांबली. शेजारी दुसरा तळवा उमटला. आजवर एकच हात दिसला होता. दोन्ही तळवे काचेला टेकले आणि त्यांच्या मधली, थोडी वरची जागा जांभळी होत गेली. आधी कपाळाएवढी, मग खाली एक उंचवटा, त्याखाली रुंद होत जाणारं भोक. दीपमाला हात पुसायला टॉवेल शोधत होती, तिची पाठ होती. मास्तरांनी दिव्याची पिन ओढली. चटई क्षणात मिटली आणि पेटीत नुसतं काळं पाणी उरलं. ते भोक पूर्ण उघडलं होतं की नाही, हे त्यांनी बघितलं नाही. पिन आपण ओढली, तिला अंधारात आपण टाकलं, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी ती चाचपत परत खोचली.

फ्यूज गेला का, असं दीपमालाने विचारलं. व्हय, असं ते म्हणाले.

८

जानेवारीत दीपमालाने शेवटचा तुकडा मागितला. सगळा दिवस तिचा स्वयंपाकघरात जायचा आणि पाच वाजेपर्यंत करमत नव्हतं. ओट्याजवळ खिडकीत एक बरणी ठेवून द्या, म्हणाली, तेवढीच सोबत होईल. मास्तरांनी सांगून बघितलं, लहान भांड्यात जगत नाही म्हणून. तिने त्यांना लेकीच्या वहीचं पान उघडून दाखवलं. बरणीत कसं जगवायचं, ते मैत्रेयीने नीट लिहून ठेवलं होतं. रोज थोडं पाणी बदलायचं आणि हवेची बारीक नळी सोडायची.

नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मास्तरांनी ब्लेड घेतलं. काचेवरच्या चटईचा कोपरा, अंगठ्याच्या नखाएवढा, कापला. ताणला जाऊन सुटला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. एका खड्यावर बसवून, रबर बांधून, त्यांनी तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला. पुन्हा अकरा झाले.

चार दिवस केसर आले नाहीत. पाचव्या दिवशीही नाही. हलवलेली चटई रुसते, पण इतकी नाही. सहाव्या दिवशी सकाळी, शाळेचे कपडे घालून, मास्तरांनी बरणी उन्हात धरून निरखली. मेली असती तर कातडी पांढरी पडली असती, सुटली असती, वास आला असता. कातडी ताजी जांभळी होती. सुईचं टोक लावलं तेव्हा ती हलकेच आक्रसली. जिवंत होती. केसर आत मिटलेले होते आणि मिटलेलेच राहणार होते, कारण नखाएवढ्या जागेत कुठूनही कुठेही हात फिरवायला जागा नव्हती. ह्या एका खोलीत ती चालूही शकत नव्हती. चारही बाजूंनी भिंत तिच्या अंगाला लागलेली होती.

दीपमाला भाकरी थापत होती. तिने मान वळवून बरणीकडे बघितलं. तिचे गाल भरले होते, केसांत फूल होतं. वर्षभरापूर्वी ही बाई जगेल असं कुणी म्हणालं नसतं.

"हितं लई शांत हाय बघा लेक," ती म्हणाली. "कशी निवांत निजलीय."

"व्हय," मास्तर म्हणाले.

त्यांनी बरणी खिडकीत परत ठेवली. बाहेर सकाळचं लख्ख ऊन होतं, ओट्यावर कवडसा पडला होता. मास्तरांनी भिंतीवरचं बटण दाबून स्वयंपाकघरातला दिवा लावला.

"दिवसाढवळ्या दिवा कामून लावलाव?"

मास्तरांना शाळेला उशीर झाला होता. बटणाला हात लावू नको, रात्रीसुद्धा, एवढंच सांगून ते घराबाहेर पडले.